डोलेराइटची घासलेली कुऱ्हाड: नोव्हेंबर ते मार्चच्या नोंदी

२ नोव्हेंबर

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात नवाश्मयुगातल्या दगडी कुऱ्हाडी पाहिल्या तेव्हापासून डोक्यात किडा होता. तेहतीस वर्षं कारखान्याच्या टूल रूममध्ये सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे फिरत्या चाकानं धातू घासून सपाट करणाऱ्या यंत्रावर काढली. लोखंड घासलं, कार्बाइड घासलं, मग दगड घासायला काय लागतंय, असं वाटलं. (पुढे वाचालच.)

तशी एक कुऱ्हाड स्वतः करायची ठरवली. नियम असे: दगड फोडणं, ठोकणं आणि घासणं सगळं दगडानंच. यंत्र नाही. दांड्याचं भोक मात्र पोलादी पटाशीनं पाडणार, कारण ती कला वेगळी आणि माझं वय एकसष्ट. कुठे किती वेळ आणि किती पैसा गेला ते इथे लिहीत जाईन. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करणार.

दगड कोणता हा प्रश्न नव्हता. कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्राचीन कुऱ्हाडी डोलेराइटच्या असतात. डोलेराइट आणि आपला काळा बेसाल्ट एकाच रसाची भावंडं. लाव्हा वर येऊन पसरला की बेसाल्ट, आणि भेगेत अडकून सावकाश थिजला की डोलेराइट. अशा थिजलेल्या भेगांना डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबारकडे त्या भरपूर आहेत. आजूबाजूचा खडक झिजून जातो आणि डाईक पूर्व-पश्चिम भिंतीसारखी उभी राहते. सासुरवाड साक्रीची, त्यामुळे इतकी वर्षं त्या भिंती एसटीच्या खिडकीतून बघत आलो होतो.

९ नोव्हेंबर

साक्रीला मोटारसायकलवर गेलो. पेट्रोल सहाशे रुपये. मेहुण्याच्या ओळखीतल्या एकाच्या शेताच्या बांधाला डाईक लागते, त्यानं पडलेले दगड न्यायला हसत परवानगी दिली. "दाजी, हे वेचायला नाशिकहून आले?" असं मेहुणा तीनदा म्हणाला.

सात दगड आणले, बावीस किलो. निवडताना फक्त आकार पाहिला. ही पहिली चूक.

११ ते १६ नोव्हेंबर

सातही दगड वाया गेले.

तीन तर आतून कुजलेलेच निघाले. डोलेराइट बाहेरून कांद्यासारखा सुटत जातो. वरचा तपकिरी पापुद्रा जाड असला की आत कस राहत नाही. दोन दगड मधोमध तुटले, कारण मी दगड फरशीवर आडवा ठेवून मोठ्या गोट्यानं हाणला. खाली कठीण, वर कठीण, आणि मध्ये बिचारा दगड. दणका आरपार जातो आणि दोन तुकडे होतात. राहिलेल्या दोघांच्या कपच्या निघायच्या, पण पूर्ण पल्ल्यापर्यंत जायच्या नाहीत. मध्येच थांबायच्या आणि तिथे पायरी पडायची. एकदा पायरी पडली की पुढची कपचीही तिथेच अडते, आणि दगडाच्या पाठीवर कुबड राहतं ते कायमचं.

एक ठिकरी उडून चष्म्याच्या काचेवर बसली. काच गेली, डोळा वाचला. दुसऱ्या दिवशी गॉगल, मास्क आणि हातमोजे घेतले, तीनशे चाळीस रुपये. हे आधी घ्या. मास्क फोडतानासुद्धा लावा. दगडाची धूळ छातीत बसली की निघत नाही. टूल रूममध्ये हे नव्या पोरांना मीच सांगायचो.

२३ नोव्हेंबर

पुन्हा साक्री, पुन्हा सहाशे. या वेळी दोन गोष्टी नीट केल्या.

पहिली, प्रत्येक दगड छोट्या गोट्यानं वाजवून पाहिला. मडकं घेताना बाया टिचकी मारून बघतात तसं. खणखणीत वाजला तर ठेवायचा, भद्द वाजला तर सोडायचा. दुसरी, डाईकच्या मधला दगड घेतलाच नाही. मधला भाग सावकाश थंड होतो म्हणून त्याचे दाणे जाड. कडेचा भाग थंड खडकाला टेकून पटकन थिजतो, तो बारीक दाण्याचा. माझ्या कपच्या अडत होत्या त्या जाड दाण्यामुळे. बारीक दाण्याच्या दगडात भेग सरळ धावते.

पाचच दगड आणले. मेहुण्यानं सोबत भुईमुगाच्या शेंगा दिल्या, त्यांचं वजन दगडांपेक्षा जास्त भरलं असेल.

२५ नोव्हेंबर

जमलं! पहिल्याच दगडात नाही, तिसऱ्यात. मूळ वजन ११४० ग्रॅम. मांडीवर पोत्याच्या चार घड्या, त्यावर दगड, आणि नदीतला मुठीएवढा गोटा. फटका माथ्यावर नाही, कडेवर; आणि कड काटकोनाहून जरा टोकदार असेल तिथेच. कपची खालच्या बाजूनं सुटते, म्हणून एक कपची काढायची, दगड उलटायचा, तिच्याच खाचेवर पुढचा फटका द्यायचा. चाळीस मिनिटांत कुऱ्हाडीची ढोबळ आकृती हातात आली. एका टोकाला रुंद, दुसरीकडे निमुळती. ७९० ग्रॅम.

फोडण्याचे सगळे तास, वाया गेलेल्यांसकट, पाच.

इथे एक सांगतो. सगळ्या कपच्या गोणीत भरून ठेवा, बाहेर टाकू नका. का ते शेवटी.

२७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर

ठोकणं. कपच्यांमधले उंचवटे दगडानं टोचून टोचून बारीक करायचे. जात्याला टाकी लावतात तेच काम, फक्त टाकीच्या जागी दगड. फटका हलका, सरळ, एकाच लयीत. प्रत्येक फटक्याला चिमूटभर पांढरी भुकटी निघते.

हत्यार म्हणून आधी गारगोटी घेतली, कठीण असते म्हणून. ती दर पंधरा मिनिटांनी फुटायची. मग वाया गेलेल्या डोलेराइटचाच एक गोल तुकडा घेतला, तो शेवटपर्यंत टिकला. लोखंडाला लोखंड म्हणतात तसं.

रोज तासभर, कधी दीड. एकूण अकरा तास. बायको म्हणाली, वरच्या मजल्यावर सुतारपक्षी राहायला आलाय. खालच्या कुटुंबानं दुपारी एक ते चार बंद ठेवायला सांगितलं, ते रास्तच होतं.

आठ डिसेंबरला हाव नडली. पातं आणखी पातळ करावं म्हणून धारेच्या अगदी जवळ ठोकत गेलो. तिथे दगड पातळ असतो, त्याला आधार नसतो. धारेचा आठ मिलिमीटरचा टवका उडाला. धारेपासून दीड-दोन सेंटिमीटरपर्यंत ठोकायचंच नाही, तो भाग फक्त घासायचा. या टवक्यानं पुढे चार तास खाल्ले.

वजन ६४० ग्रॅम.

१२ डिसेंबर

घासायला सुरुवात. हे तर माझं घरचं काम!

गच्चीवर आईचा जुना पाटा होता, काळ्या दगडाचा. मिक्सर आल्यापासून तिकडे कुणी फिरकत नाही असा माझा समज. त्यावर पाणी, गोदावरीची वाळू, आणि कुऱ्हाड मागे-पुढे. तीन तास घासली. घाम आला, खांदा भरून आला, पाट्यावर सुंदर काळा चिखल झाला. वजन केलं: ६३७.

तीन तासांत तीन ग्रॅम. काटाच चुकतोय म्हणून साखरेचं पाकीट ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

१३ डिसेंबर

वाळू भिंगाखाली पाहिली. आपल्याकडची नदीची वाळू बरीचशी बेसाल्टचीच भुकटी. गारेचे दाणे त्यात थोडे. म्हणजे मी काळा दगड काळ्या दगडावर काळ्याच दगडाच्या चुऱ्यानं घासत होतो. सारख्याला सारखं कापत नाही, दोघंही सारखेच झिजतात आणि दोघंही गुळगुळीत होतात. हा धडा मी ट्रेनी मुलांना देत असे.

१५ डिसेंबर

ग्रॅनाइटच्या दुकानातून ओट्याच्या फरशीचा उरलेला तुकडा, दीडशे रुपये. चकचकीत बाजू खाली, मागची खरखरीत बाजू वर. पाण्याच्या टाकीच्या फिल्टरला घालतात ती पांढरी गारेची वाळू, एक पोतं पाचशे वीस. पोतं फार मोठं आहे, कुणाला हवी असेल तर न्या.

फरक लगेच कळला. आवाजच बदलला. पाट्यावर सुस्त सरकत होती ती इथे करकर खायला लागली. चार तासांत वीस ग्रॅम, ६१७.

१९ डिसेंबर

पुन्हा गाडं अडलं. पुढच्या तीन तासांत पाचच ग्रॅम. वाळू नवी घातली, पाणी कमी केलं, जोर वाढवला. काही नाही. ६१२ वर काटा बसून राहिला आणि मी पण.

२२ डिसेंबर

आज आईला पाट्याचं कळलं. आठवड्यातून एकदा लसणाची चटणी ती त्याच पाट्यावर वाटते, हे मला ठाऊकच नव्हतं.

"अरे, काय केलंस याचं? आरसा केलास की!"

योगायोग असा की त्याच सकाळी गल्लीत "पाट्याला, जात्याला टाकीऽऽये" अशी हाक आली. ती हाक मी दहा वर्षांत ऐकली नव्हती. आईनं बाईंना वर बोलावलं. त्यांनी पाटा मांडीशी घेतला, छिन्नी-हातोडीनं वीस मिनिटांत सारखे दात पाडले, शंभर रुपये घेतले. मी माझी कुऱ्हाड आणि ग्रॅनाइटची फरशी त्यांना दाखवली. बोट फिरवून म्हणाल्या, "भाऊ, हा बी गुळगुळीत झालाय. दगडाला दात नसले तर खाईल कशानं?"

तेहतीस वर्षं मी ग्राइंडरच्या चाकाला डायमंड ड्रेसर लावला, म्हणजे हिऱ्याच्या टोकानं चाक खरवडून त्याला पुन्हा दात आणले. चाक चमकायला लागलं की ते कापत नाही, नुसतं तापवतं, हे झोपेतसुद्धा सांगेन. आणि इथे चार दिवस चमकत्या दगडावर जोर काढत होतो.

संध्याकाळी त्याच डोलेराइटच्या गोट्यानं फरशी सगळीकडून टोचली. पंचवीस मिनिटं लागली. मग घासलं: पहिल्या तासात सात ग्रॅम.

२३ डिसेंबर ते १० जानेवारी

आता पद्धत बसली. दीड-दोन तास घासायचं, दहा मिनिटं फरशी टोचायची. मागे-पुढे सरळ न घासता मनगट किंचित डोलवत न्यायचं, म्हणजे पात्याला पोट येतं. सपाट घासलं तर मध्ये कंगोरा राहतो. टवक्यामुळे धार आठ मिलिमीटर मागे न्यावी लागली, ते चार तास यातच. एकूण बारा तास, वजन ५४८.

फरशीवर आता लांबट खळगा पडलाय, होडीसारखा. तो खळगा कुऱ्हाडीच्या पोटाला आपोआप आकार देतो. मी ठरवून केलेला नाही.

१८ जानेवारी

हंपीला सहकुटुंब गेलो होतो, एक दिवस काढून बळ्ळारी. आधी तिथलं रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या नावाचं संग्रहालय पाहिलं. फूट हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले. एकोणिसाव्या शतकात या टेकड्यांवरच्या दगडी कुऱ्हाडींकडे त्यांनी लक्ष वेधलं. पुढे १९४० च्या दशकात डेक्कन कॉलेजचे बी. सुब्बाराव, आणि १९६४-६५ मध्ये अन्सारी आणि नागराज राव यांनी शेजारच्या संगनकल्लूला उत्खनन केलं. म्हणजे पुण्याशी या जागेचं जुनं नातं.

मग स्थानिक माणसाला सोबत घेऊन हिरे गुड्डा चढलो. कानडीत त्याचा अर्थ थोरली टेकडी. सकाळी नऊला निघालो तरी ऊन पाठ भाजत होतं. सगळी टेकडी ग्रॅनाइटच्या गोल धोंड्यांची, आणि त्यातून काळी डाईक आरपार गेलेली. डाईकच्या आसपास पाय ठेवाल तिथे कपच्या. पायरी पडलेल्या, मधोमध तुटलेल्या, कुबड राहिलेल्या. माझ्या गच्चीवरचा अकरा नोव्हेंबर तिथे साडेतीन हजार वर्षं पडून आहे. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

आणि ग्रॅनाइटच्या खडकावर खळगे. लांबट, होडीसारखे, आत हात फिरवला तर साय. बायको म्हणाली, "हा तर तुमच्या फरशीवरचा."

तिथे खडकावर बसून पाणी पिताना डोक्यात प्रकाश पडला. मी दोन महिने कुऱ्हाडीचा दगड शोधत होतो. पण कुऱ्हाडीला दोन दगड लागतात. एक जिची करायची तो, आणि एक जिच्यावर घासायची तो. धुळ्याला पहिला मुबलक आहे, दुसऱ्याचा पत्ता नाही. आपल्या दख्खनवर पाहावं तिकडे काळाच दगड. बळ्ळारीला दोन्ही एकमेकांना टेकून उभे. ग्रॅनाइटमध्ये गारेचे दाणे असतात ते डोलेराइटहून कठीण, आणि आजूबाजूचे मऊ दाणे आधी झिजतात म्हणून गारेचे दात वर राहतात. निसर्गानं बसवलेलं ग्राइंडिंग व्हील. तिथे कुऱ्हाडींचा कारखाना उभा राहिला यात नवल नाही.

आपल्याकडे नेवाशाच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे त्या काळातल्या) थरांतही डोलेराइटच्या घासलेल्या कुऱ्हाडी मिळाल्यात, आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला तांब्याच्या चपट्या. नेवाशाच्या माणसानं आपली कुऱ्हाड कशावर घासली असेल, हे मला आता स्वस्थ बसू देत नाही.

कुपगल गावाच्या बाजूला डाईकच्या धोंड्यांवर वशिंडाच्या बैलांची चित्रं टोचून काढलेली आहेत, आणि काही धोंडे ठोकले की घंटेसारखे वाजतात. आम्ही हात लावला नाही. खाणकामानं त्या टेकड्यांचं आधीच पुष्कळ नुकसान झालंय. तिथून एक कपचीही उचलली नाही. तुम्हीही उचलू नका.

२४ ते २८ जानेवारी

धार. चार तास, फक्त शेवटचे दोन सेंटिमीटर. वाळू आधी चाळून बारीक केली, नंतर वाळूशिवाय नुसतं पाणी. शेवटी आईच्या चंदनाच्या सहाणेवर पाजवायचा मोह झाला होता, पाट्याचा प्रसंग आठवून आवरला.

५४० ग्रॅम, लांबी १४ सेंटिमीटर, धारेची रुंदी ६. कागद कापत नाही, कापायचाही नाही. धार फार पातळ केली तर पहिल्याच घावात उडेल. घासलेलं एकूण सव्वीस तास.

पूर्ण पृष्ठभाग चकचकीत केला नाही. मागच्या अर्ध्या भागावर ठोकल्याच्या खुणा ठेवल्यात, दांड्यात पकड येते.

२ ते ९ फेब्रुवारी

दांडा पहिला. वखारीतून धावड्याचं ओंडकं, साडेतीनशे. कुदळीला, कुऱ्हाडीला आपल्याकडे धावडाच घालतात, त्यामुळे विचार करावा लागला नाही. टोकाकडे आरपार लंबगोल भोक, त्यात कुऱ्हाड मागच्या निमुळत्या टोकाकडून बसवायची. चारही बाजूंनी घट्ट, कागद जाणार नाही अशी बसवली. सहा तासांचं काम, फिटिंग बघून मीच खूश.

अकराव्या घावाला दांडा टोकापासून वीतभर उभा चिरला.

कारण तुटलेल्या लाकडात स्पष्ट दिसत होतं. प्रत्येक घावाला कुऱ्हाड मागे सरकते आणि तिचा रुंद भाग भोकात शिरतो, म्हणजे ती पाचरच. भोकाच्या डाव्या-उजव्या गालांना घट्ट बसली की लाकडाच्या रेषांच्या दोन्ही बाजूंना ढकलते आणि लाकूड फाडते. मशीनवरच्या फिटिंगची सवय इथे अंगाशी आली.

१५ ते २३ फेब्रुवारी

दांडा दुसरा, आणखी साडेतीनशे. या वेळी बुंध्याकडचा जाड तुकडा, भोक जाड भागात. कुऱ्हाड भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकालाच टेकेल असं केलं, म्हणजे दाब रेषेच्या दिशेनं जातो. दोन्ही गालांना दोन-दोन मिलिमीटर मोकळं. आत चामड्याची पट्टी, चांभाराकडून एकशे वीस रुपये. भोक आरपार ठेवलं, म्हणजे ढिली झाली तर मागून ठोकून काढता येते. जवसाचं तेल लावून आठवडाभर सावलीत ठेवला. सात तास.

२ मार्च

चाचणी. मित्राच्या शेतात बांधावर सुबाभूळ माजली होती, ती त्याला काढायचीच होती.

पहिलं झाड ११ सेंटिमीटर जाडीचं. लोखंडी कुऱ्हाडीसारखी खांद्यावरून फिरवली तर कुऱ्हाड नुसती आपटते, हाताला झिणझिण्या. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात ड्राव्हेडच्या जंगलात संशोधकांनी खऱ्या नवाश्मयुगीन चकमकीच्या दगडाच्या कुऱ्हाडींनी झाडं पाडून पाहिली, तेव्हा त्यांनाही हेच कळलं होतं: मोठा घाव नको, कोपरातून छोटे भरभर घाव. तसं केल्यावर ढलप्या निघायला लागल्या. चौदा मिनिटांत झाड पडलं. बुंधा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो, पण पडलं.

दुसरं ९ सेंटिमीटरचं, आठ मिनिटं. मग मित्रानं हौसेनं वाळक्या बाभळीच्या खोडावर एक घाव घातला, मी ओरडेपर्यंत झालं होतं. धारेला दोन मिलिमीटरची खोक. ओल्याच लाकडावर चालवायची, वाळक्यावर नाही.

दांडा शाबूत. कुऱ्हाड एकदा ढिली झाली, मागून ठोकून पुन्हा बसवली.

९ मार्च

खोक काढायला चाळीस मिनिटं लागली.

हिशेब: पेट्रोल बाराशे, गॉगल वगैरे तीनशे चाळीस, ग्रॅनाइट दीडशे, वाळू पाचशे वीस, लाकूड सातशे, चामडं एकशे वीस, आईच्या पाट्याची टाकी शंभर. तीन हजार एकशे तीस. चष्म्याची काच धरलेली नाही. तास पंचावन्न, त्यातले निम्मे चुकांचे.

राहिलं कपच्यांचं. कुऱ्हाडीच्या मागच्या टोकावर एनग्रेव्हरनं नाव आणि साल कोरलं. सगळ्या कामात चाललेलं एवढं एकच यंत्र. उद्या ती भंगारात किंवा एखाद्या शेतात गेली तर कुणी प्राचीन समजून फसू नये. कपच्यांवर नाव कोरता येत नाही. उघड्या माळावर टाकल्या तर पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक नाशिकला नवाश्मयुगाचा कारखाना शोधून काढेल. म्हणून आज मित्राच्या बांधाशी गुडघाभर खड्डा खणला, गोणी रिकामी केली, आणि वर माती लोटण्याआधी त्यात यंदाच्या सालाचं एक रुपयाचं नाणं टाकलं.